उघडं कडं: ग्रेड ५ टायटॅनियम आणि शुद्ध चांदी, दोन्ही धातू शेजारी ठेवून बोलू या

कडेतोडे:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या सराफ बाजारात आमचं चांदीच्या दागिन्यांचं काम आहे. डिझाइन मी करते, घडवतात आमचे कारागीर. अलीकडे तरुण गिऱ्हाइकं टायटॅनियमचं कडं मागायला लागलीत, म्हणून अंबडच्या एका वर्कशॉपमधून ग्रेड ५ ची अडीच मिलिमीटर जाडीची तार आणली. ग्रेड ५ म्हणजे साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. त्याच जाडीची शुद्ध चांदीची तार आमच्याकडे होतीच.

आता अडचण सांगते. उघडं कडं चांदीचं असलं की मनगटावर चढवायचं, दोन्ही बाजूंनी दाबायचं, की ते बसतं आणि बसलेलं राहतं. टायटॅनियमचं दाबलं की मिटतं आणि हात सोडला की होतं तसं उघडतं. जास्त जोर लावला तरी तेच.

मी दोन्हींचे आकडे काढले. घनता: चांदी १०.४९, ग्रेड ५ ४.४३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. वितळणबिंदू: चांदी ९६१.८ अंश, ग्रेड ५ साधारण १६०४ ते १६६० अंश सेल्सिअस. ताणशक्ती: मऊ चांदी सुमारे १४० मेगापास्कल, ग्रेड ५ सुमारे ९५०. इथवर कळलं. पण यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, बघा. चांदीचा ८३ गिगापास्कल, ग्रेड ५ चा ११४. दीडपटही फरक नाही! ताठपणा इतका जवळचा असताना वाकवल्यावर एक तार निमूट राहते आणि दुसरी उसळी मारून परत येते, हे कसं?

नाशिकमध्ये दोन्ही धातू रोज हाताळणारी माणसं आहेत, एकीकडे सराफ बाजार आणि दुसरीकडे ओझर, सातपूर, अंबडचे कारखाने. त्यामुळे इथे उत्तर मिळेल अशी खात्री आहे. कड्यापुरतंच बोला असं नाही, दोन्ही धातूंबद्दल जे ठाऊक असेल ते लिहा.

रविवार_कारंजा:
वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

मूसवाले:
ताई, चांदीचं मी सांगतो, टायटॅनियम माझ्या हाताखाली कधी आलं नाही. शुद्ध चांदी ऐरणीवर घेतली की पहिल्यांदा लोण्यासारखी पसरते. पण ठोकत गेलं की ती आखडते. हातोडीचा आवाज बदलतो, थपथप जाऊन टणटण येतो. तेव्हा थांबायचं. तसंच ठोकत राहिलं तर कडेला चिरा पडतात. मग ताव द्यायचा. मंद लालसर रंग आला की पुरे, त्याच्या पुढे नेऊ नये. दुकानातले दिवे कमी करून ताव का देतात, तर तो लाल रंग उजेडात दिसतच नाही. ताव दिलेली चांदी पुन्हा पहिल्यासारखी मऊ.

चांदीला किती पसरवता येतं त्याचं उदाहरण मिठाईवरचा वर्ख. एक मायक्रॉनहून पातळ असतो तो.

दुसरी गोष्ट, वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू पिते. स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट. आणि घट्ट होताना तो सगळा बाहेर टाकते. मग ओतलेल्या लगडीवर उसळून फोड येतात, आत पोकळ्या राहतात. म्हणून मुशीत वर कोळशाची भुकटी आणि टाकणखार. नव्या पोरांना हे आधी शिकवावं लागतं, डिझाइन नंतर.

सातपूर_व्हीएमसी:
टायटॅनियमच्या बाजूने मी. आमच्याकडे ग्रेड ५ चे पार्ट मशीनवर नेहमी असतात. मूसवाले म्हणतात तसा आवाज आमच्याकडेही महत्त्वाचा, फक्त आमचा आवाज किंचाळण्याचा.

या धातूची खोड अशी की उष्णता वाहून नेत नाही. कापताना जी उष्णता तयार होते ती स्टीलमध्ये बरीचशी चिपबरोबर, म्हणजे कापून निघणाऱ्या किसाबरोबर, निघून जाते. इथे ती टूलच्या टोकावरच साचते. म्हणून स्पीड कमी, फीड चांगला, कूलंट भरपूर आणि थेट टोकावर. टूल एका जागी घासत ठेवलं तर तिथला थर कडक होतो आणि पुढचा पास इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलायचं टोक, खातो. धार बोथट झाली की लगेच बदलायची, उद्यावर ढकलायची नाही.

ताई, तुमच्याकडे पॉलिश आणि घासकाम करणार असाल तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. टायटॅनियमचा बारीक भुसा पेटतो. चांदीच्या भुशाला सवयीने बफिंगच्या डब्यात साठवता तसा हा साठवू नका. पेटला तर पाणी अजिबात मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. धातूच्या आगीसाठीची वेगळी कोरडी पावडर मिळते, ती जवळ ठेवा.

आणि गॅलिंग. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की चिकटतं. कड्याला टायटॅनियमचाच स्क्रू आणि टायटॅनियमचीच नळी केलीत तर काही दिवसांनी उघडणार नाही.

सायलीची_आई:
माझा प्रश्न साधा आहे. नवऱ्याने ट्रेकिंगसाठी एकपदरी टायटॅनियमचा मग आणला. त्यात चहा ओतला तर काठाला ओठ लावता येतो. सासूबाईंच्या चांदीच्या पेल्यात गरम दूध ओतलं तर पेला हातातच धरवत नाही. मला वाटलं टायटॅनियम उष्णता कमी धरत असेल. बरोबर का?

पाटीखडू:
चांगला प्रश्न, आणि उत्तर गमतीचं आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून हिशेब मांडतो.

एक ग्रॅम चांदी एक अंशाने तापवायला ०.२३५ ज्यूल लागतात, एक ग्रॅम ग्रेड ५ ला ०.५२६. म्हणजे ग्रॅमवारी बघितलं तर टायटॅनियमच दुपटीहून जास्त उष्णता धरतं. पण पेला आपण ग्रॅमवारी नाही, मापाने बनवतो. घनतेने गुणा: चांदी घन सेंटिमीटरला २.४७ ज्यूल, टायटॅनियम २.३३. जवळजवळ सारखे! एकाच मापाचे, एकाच जाडीचे दोन पेले तापवायला सारखीच उष्णता लागते.

मग फरक कुठे? उष्णतावाहकतेत. चांदी ४२९ वॅट प्रति मीटर केल्विन, सगळ्या धातूंत पहिली. ग्रेड ५ साधारण ६.७. चौसष्ट पट फरक. चांदीच्या पेल्यात दुधाची उष्णता क्षणात काठापर्यंत चढते आणि तिथून तुमच्या बोटांत. टायटॅनियमच्या मगात ती चहाच्या पातळीच्या थोडी वर येईपर्यंतच वाटेत हवेत निघून जाते. चहाच्या पातळीखाली हात लावलात तर तोही मग चटका देईल.

घरी करून बघण्यासारखं: चांदीचं ताम्हन घ्या, त्यात बर्फाचा तुकडा ठेवा. डोळ्यांसमोर वितळतो, आणि ताम्हन खालून गारठतं. टायटॅनियमच्या पत्र्यावर तोच तुकडा बराच वेळ बसून राहतो.

प्रसरणातही असाच फरक. एक मीटरची सळई शंभर अंशांनी तापवली तर चांदी १.९ मिलिमीटर वाढते, ग्रेड ५ फक्त ०.८६.

सायलीची_आई:
सर, आजच ताम्हन काढते. मुलीला शाळेत सांगायला मिळेल. बाळाला वाटी-चमचा चांदीचा देतात तो गरम पेजेसाठी मग गैरसोयीचाच म्हणायचा.

पाटीखडू:
उलट तिथे चांदीचा गुण आहे. चमचा पटकन तापतो, म्हणजे पेज किती गरम आहे ते भरवणाऱ्या आईच्या बोटांना आधी कळतं.

द्राक्षबाग_पिंपळगाव:
चांदी काळी पडण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडे द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी बागेत गंधकाची फवारणी, धुरळणी चालते. त्या दिवसांत घरातल्या बायकांचे पैंजण, जोडवी बघा. शहरात वर्षभरात होत नाही तेवढी आठवड्यात काळी. आईचे तोडे तर फवारणी सुरू झाली की डब्यात, पिशवीत गुंडाळून. धाकट्या भावाने टायटॅनियमचं घड्याळ घेतलंय, तो ते घालून औषध मारतो, त्याला काही होत नाही.

रसायनी:
बरोबर निरीक्षण. चांदीचा प्राणवायूशी नेहमीच्या तापमानाला जवळजवळ काही संबंध नाही, तिचं वैर गंधकाशी. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडच्या अगदी किंचित अंशानेही तो होतो. अंडं, कांदा-लसूण, लोकर, रबर, सगळ्यांत गंधक आहे. म्हणून चांदीच्या गड्डीला रबरबँड लावू नये.

टायटॅनियम याच्या बरोब्बर उलट. तो स्वभावाने अतिशय क्रियाशील धातू आहे, प्राणवायू दिसला की पकडतो. पण पकडल्याबरोबर अंगावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो, आणि तो थर इतका घट्ट आणि अखंड की खालच्या धातूपर्यंत पुढे काही पोचत नाही. ओरखडा पडला तर तिथे लगेच नवा थर. घाम, मीठ, समुद्राचं पाणी, काही चालत नाही त्याच्यापुढे. म्हणजे चांदी टिकते ती थंड स्वभावामुळे आणि टायटॅनियम टिकतं ते तापट स्वभावामुळे, मला हे फार आवडतं.

काळी चांदी घरी साफ करायची तर भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, खायचा सोडा घाला, कडक गरम पाणी ओता आणि चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी जागेवर राहते. रांगोळी किंवा टूथपेस्टने घासलं की काळ्या थराबरोबर चांदीही जाते.

मूसवाले:
साफ सपाट वाटीला ठीक आहे. पण नक्षीच्या कामाला फॉइल लावू नका, हात जोडून सांगतो. नक्षीच्या खोबणीत काळेपणा आम्ही मुद्दाम ठेवलेला असतो, त्यानेच मोराची पिसं, वेलबुट्टी उठून दिसते. गिऱ्हाइकं घरी हे प्रयोग करून आणतात आणि म्हणतात नक्षी पुसट झाली. पुसट नाही झाली, सावली गेली. शिवाय खडे, मीना, लाख भरलेला दागिना गरम पाण्यात घालायचाच नाही.

रसायनी:
मान्य. सपाट भांड्यांपुरतंच धरा.

भद्रकाली_बॉय:
टायटॅनियम म्हणजे जगातला सगळ्यात कडक धातू, त्यावर ओरखडा पडत नाही. चांदी नखानेपण खरवडते. तुलना कसली करताय?

सातपूर_व्हीएमसी:
नखाने चांदी खरवडत नाही भावा. आणि ओरखड्याचं म्हणशील तर आमच्या बाकावर ये, दाखवतो. ग्रेड ५ ची कठिणता रॉकवेल सी मापात ३६ च्या आसपास. आमची साधी फाइल ६० च्या वर. फाइल मारली की ग्रेड ५ निमूट कापलं जातं. टायटॅनियमच्या घड्याळावर वापरून वापरून बारीक रेघा दिसतातच. ज्यांवर दिसत नाहीत त्यांवर वेगळा कडक मुलामा असतो.

व्हिकर्स मापात सांगायचं तर ताव दिलेली चांदी २५ च्या आसपास, ग्रेड ५ ३५० च्या आसपास. फरक प्रचंड आहेच. पण सगळ्यात कडक? कठिणता वेगळी, शक्ती वेगळी, ताठपणा वेगळा. या तिन्हींचा एकच गठ्ठा बांधला की ताईंच्या कड्यासारखा गोंधळ होतो.

भद्रकाली_बॉय:
मग विमानात काय बघून वापरतात?

ओझरकर:
मी सांगतो. ओझरच्या विमान कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. १९६४ साली मिग विमानांसाठी तो कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० आलं. विमानात धातू निवडताना नुसती शक्ती बघत नाहीत, वजनामागे शक्ती बघतात. वर दिलेले आकडे घ्या: ग्रेड ५ चे ९५० भागिले ४.४३ म्हणजे २१४. चांदीचे १४० भागिले १०.४९ म्हणजे १३. सोळापट. शिवाय इंजिनाजवळ जिथे ॲल्युमिनियम गरमीने ढिलं पडतं तिथे हे मिश्रधातू तीनशे अंशांच्या पुढेही काम करतात.

पण नखरे फार. वेल्डिंग करताना हवा लागता कामा नये, वरून, खालून, मागून आर्गॉन. काम झालं की सांध्याचा रंग बघायचा. चकचकीत पांढरा किंवा फिकट गवती असेल तर छान. निळा झाला तर शंका, राखाडी-पांढरी भुकटी आली तर तो सांधा कापून फेकायचा. तापलेलं टायटॅनियम प्राणवायू आत ओढतं आणि ठिसूळ होतं.

आणि कडेतोडे, तुमच्यासाठी खास. चांदीही विमानात असते! इंजिनाच्या गरम भागातले नट आटे चिकटू नयेत म्हणून त्यांना चांदीचा मुलामा देतात. पण असा नट गरम जागी टायटॅनियमला टेकू द्यायचा नाही. तापमान वाढलं की चांदीमुळे टायटॅनियमला चिरा पडू शकतात. कॅडमियमचंही तसंच, कॅडमियमचा मुलामा असलेली हत्यारंसुद्धा टायटॅनियमच्या कामाला लावायची नाहीत. क्लोरीन असलेल्या द्रावणाने पुसायचं नाही. आम्हाला हे पाठ होतं.

कडेतोडे:
काका, हे माझ्यासाठी अगदी नवीन! मी टायटॅनियमच्या कड्यावर चांदीची पट्टी बसवायचा विचार करत होते. त्याचं काय मग?

ओझरकर:
मनगटाच्या गरमीला काही होत नाही, निर्धास्त राहा. मी इंजिनाच्या गरमीचं बोलतोय. मात्र चांदीचा डाख लावून दोन्ही जोडायला जाऊ नका. भट्टीच्या ज्योतीत टायटॅनियमवर ऑक्साइड चढेल, डाख पकडणार नाही आणि पकडला तरी विश्वास ठेवता येणार नाही. रिव्हेट करा, नाहीतर खाच पाडून चांदी ठोकून बसवा. चांदी मऊ आहे, ती खाचेत फुलून घट्ट बसेल.

मूसवाले:
हे जमेल. खाच आतून जरा रुंद, तोंडाशी अरुंद पाहिजे. खाच सातपूरवाल्यांनी पाडायची, चांदी मी ठोकतो.

गंगापूर_रोड_डेंटिस्ट:
वैद्यकीय बाजू थोडक्यात. १९५० च्या दशकात स्वीडनचे संशोधक ब्रॉनमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग काढता येईना, हाड त्याला धरून बसलं होतं. त्यातून दंतरोपणाची वाट निघाली, १९६५ साली पहिल्या रुग्णाला त्यांनी ते बसवलं. हाड पकडतं ते धातूला नाही, त्याच्या ऑक्साइडच्या थराला, ज्याबद्दल रसायनींनी लिहिलं. खुब्याच्या सांध्यांत ग्रेड ५ चीच जास्त शुद्ध आवृत्ती वापरतात, तिला ग्रेड २३ म्हणतात.

आणखी एक कारण यंग गुणांकाचं. हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराचा तो १५ ते २० गिगापास्कल. स्टीलचा २०० च्या जवळ, ग्रेड ५ चा ११४. रोपण फार ताठ असेल तर सगळा भार तेच घेतं आणि शेजारचं हाड काम नसल्याने झिजतं. या बाबतीत टायटॅनियमचा कमी ताठपणा हाच गुण.

चांदीला शरीरात खांब म्हणून कुणी उभं करणार नाही, पण तिचे आयन जंतूंना मारतात. भाजल्यावर लावायच्या मलमात सिल्व्हर सल्फाडायझिन असतं ते यासाठीच.

आणि अंगठ्यांबद्दल विनंती. बोट सुजलं की चांदीची अंगठी साध्या कटरने कापली जाते. ग्रेड ५ ची कापायला वेळ लागतो आणि चांगलं कटर लागतं, प्रत्येक दवाखान्यात ते असेल असं नाही. टायटॅनियमची बंद अंगठी विकताना गिऱ्हाइकाला हे सांगा.

अंबड_पॅनेल:
विजेचं राहिलंच की. आमचं स्विचगिअरचं, म्हणजे विजेच्या मोठ्या स्विचांचं, काम. चांदीचा विद्युतरोध १.५९ मायक्रोओहम सेंटिमीटर, सगळ्या धातूंत कमी. ग्रेड ५ चा १७८ च्या आसपास. शंभरपटीहून जास्त. तांबं शंभर धरलं तर चांदी एकशे पाच-सहा आणि ग्रेड ५ जेमतेम एक.

तरी निव्वळ शुद्ध चांदीचे काँटॅक्ट मोठ्या प्रवाहाला चालत नाहीत. ठिणगी पडली की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात, वेल्ड होतात. म्हणून चांदीत निकेल किंवा टिन ऑक्साइड मिसळतात. बसबारच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांच्या, सांध्यांना मात्र चांदीचा मुलामा उत्तम. माझ्या मते माणसाने चांदीचा सर्वांत थोर उपयोग स्विचमध्ये केलाय, दागिन्यात नाही. सराफ बाजाराने रागावू नये.

मूसवाले:
रागावत नाही, पण पटतही नाही. स्विच उघडून कुणी बघत नाही. निरांजन देवापुढे रोज दिसतं. चांदी बघण्यासाठी आहे.

पाटीखडू:
बघण्याचंही कारण आहे: दिसणाऱ्या प्रकाशापैकी ९५ टक्क्यांच्या वर प्रकाश पॉलिश केलेली चांदी परत पाठवते. टायटॅनियम बरंच कमी, म्हणून ते करडं दिसतं.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष:
धागा फार छान चाललाय पण ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी पूर्ण दिलं नाही. मी प्रयत्न करू का? आमच्याकडे नुकताच ताण-विकृतीचा आलेख शिकवला, म्हणजे किती जोराने ओढलं की धातू किती लांबतो ते दाखवणारा.

यंग गुणांक म्हणजे त्या आलेखाच्या सुरुवातीच्या सरळ रेषेचा चढ. रेषा किती तिरपी ते त्यातून कळतं, ती कुठवर जाते ते कळत नाही. दोन्ही धातूंच्या रेषा साधारण सारख्या तिरप्या. पण मऊ चांदीची रेषा ५० मेगापास्कलच्या आसपास संपते, ग्रेड ५ ची ८८० पर्यंत जाते. रेषेवर असेपर्यंत धातू परत येतो. रेषा संपली की पुढचं वाकणं कायमचं.

भागाकार केला: ५० भागिले ८३,००० म्हणजे ०.०६ टक्के. ८८० भागिले १,१४,००० म्हणजे ०.७७ टक्के. एक मीटर तार ओढली तर चांदी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी पुढे गेली की कायमची लांबते. ग्रेड ५ साडेसात मिलिमीटरपर्यंत ओढली तरी सोडल्यावर परत पहिल्या लांबीला येते. कडं मिटवताना ताई जेवढं वाकवतात, ते चांदीसाठी रेषेच्या कितीतरी पुढे आहे आणि टायटॅनियमसाठी अजून रेषेवरच.

पाटीखडू:
अगदी नेमकं. याच्या मुळाशी स्फटिकरचनाही आहे. चांदीतले अणू अशा मांडणीत असतात की थरांवरून थर सरकायला बारा वाटा मिळतात. टायटॅनियमच्या नेहमीच्या तापमानाच्या मुख्य रचनेत सहज सरकायच्या वाटा मोजक्या, आणि त्यांतही ॲल्युमिनियमचे अणू अडथळा करतात. ग्रेड ५ ची ही आतली रचना साधारण ९९५ अंशांना पूर्ण बदलते. तोवर चांदी मुशीत पाण्यासारखी झालेली असते.

मूसवाले:
पोराने छान सांगितलं. पण माझी एक हरकत. चांदीचं प्रत्येक कडं निमूट बसत नाही. ताव न देता ओढलेली तार घ्या, तीसुद्धा उसळते. थोडीच, पण उसळते. हाताला जाणवतं.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष:
काका, ते याच हिशेबात बसतं. ओढल्यामुळे रेषा वर लांब जाते. चढ तोच राहतो, फक्त ती संपते उशिरा. तुम्ही ठोकता तेव्हा आवाज बदलतो तो त्याच्यामुळेच असणार.

पाटीखडू:
हो. आणि मूसवाल्यांचा ताव म्हणजे ती रेषा पुन्हा आखूड करणं. ताव दिलेली, ओढलेली, ठोकलेली, कोणतीही चांदी घ्या, ८३ हा आकडा जवळपास हलत नाही. ५० चा आकडा मात्र कारागिराच्या हातात आहे, तो तीनशेच्या आसपासही नेता येतो. डेटाशीटवर चांदीची ताणशक्ती वाचताना ती कोणत्या अवस्थेतली, हे आधी बघायचं.

कडेतोडे:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः दुसऱ्या वर्षाच्या मित्राचे. आता काय करता येईल ते सांगा. टायटॅनियमचं उघडं कडं द्यायचंच नाही का?

सातपूर_व्हीएमसी:
द्या की. दोन रस्ते आहेत. ग्रेड ५ च ठेवायचं असेल तर दाबून बसवायचा विचार सोडा. मनगटाच्या मापाचं, लंबगोल, आधीच जास्त वाकवून सोडायचं, म्हणजे उसळून बरोबर मापाला येईल. घालताना ते स्प्रिंगसारखं उघडेल आणि आपोआप मिटेल. हा त्याचा गुण म्हणून विका.

नाहीतर ग्रेड २ घ्या. ते शुद्ध टायटॅनियम, कायमचं वाकायची हद्द २७५ मेगापास्कलच्या आसपास. चांदीइतकं नाही, पण हाताचं ऐकेल. वजन आणि गंजरोध तोच.

मूसवाले:
आणि चांदीच्या कड्याबद्दल गिऱ्हाइकाला सांगत जा. रोज काढ-घाल करताना दाबत-उघडत राहिलं की मधोमध आखडतं आणि तिथेच एक दिवस तडकतं. मनगटाच्या अरुंद बाजूने तिरपं सरकवून घालायचं, ओढून उघडायचं नाही. तडकायच्या आधी आणलं तर ताव देऊन पुन्हा मऊ करून देता येतं. टायटॅनियमला मी काही करू शकत नाही.

सायलीची_आई:
मोडीचं काय? चांदी मोडीत घालता येते. टायटॅनियमचं कडं नको झालं तर?

ओझरकर:
सराफ घेणार नाही. साध्या मुशीत ते वितळवताच येत नाही, वितळलेलं टायटॅनियम मुशीलाच खातं. निर्वात भट्टीत विजेच्या ठिणगीने, पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या साच्यात वितळवावं लागतं. हैदराबादला मिधानी या सरकारी धातू कारखान्यात ते होतं. खनिज आपल्याकडे भरपूर आहे, केरळच्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत, कोकणातही. महाग पडतं ते वाळूतून धातू सोडवणं. १९४० च्या सुमारास धातुशास्त्रज्ञ क्रोल यांनी मॅग्नेशियम वापरून तो काढायची रीत दिली, आजही मुख्य रीत तीच.

मूसवाले:
आमच्याकडे तर दुकानाबाहेरची मातीसुद्धा वाया जात नाही. झारेकरी येतात, गटारातला गाळ, झाडलेला केर धुतात आणि चांदी काढतात.

सातपूर_व्हीएमसी:
ताई, म्हणूनच एक सांगतो. टायटॅनियमचं घासकाम मूसवाल्यांच्या बाकावर करू नका. तो भुसा चांदीच्या केरात गेला तर झारेकऱ्याचं काम बिघडेल आणि डब्यात आगीची भीती राहील. वेगळा बाक, वेगळा पंखा, वेगळा लोखंडी झाकणाचा डबा. ग्रेड २ आणि ग्रेड ५ चा भुसाही वेगळा ठेवा, भंगारवाला मिसळलेल्याला काही देत नाही.

कडेतोडे:
वेगळा बाक मांडायला जागा आहे. ग्रेड २ ची तार मिळाली की दोन्ही नमुने वाकवून, मोजून इथे आकडे टाकते. मूसवाले, खाचेची चांदी तुमच्याकडूनच ठोकून घेणार.

मूसवाले:
या. चांदी ताव देऊन ठेवतो. खाचेत ठोकायची तर एकदम मऊ पाहिजे.